‘एक्स८६वर क्रम बदलत नाही’: ड्रायव्हरच्या कोडमधला चिवट गैरसमज

स्टोरेज ड्रायव्हरचा पॅच तपासताना ‘इथे मेमरी बॅरियर का नाही?’ असं विचारलं की एक उत्तर हमखास येतं. “आपले सर्व्हर एक्स८६चे आहेत, तिथे वाचन-लेखनाचा क्रम बदलत नाही. शिवाय चाचण्या सगळ्या पास झाल्यात.” हे उत्तर चूक आहे. त्यात अर्धं सत्य मिसळलेलं असल्यामुळे ते वर्षानुवर्षं टिकून आहे, आणि दर वेळी पहिल्यापासून समजावून सांगावं लागतं.

सत्य तेवढं आधी मान्य करू. नेहमीच्या मेमरीत एका कोअरने केलेली दोन लेखनं इतर कोअरना त्याच क्रमाने दिसतात, आणि दोन वाचनांचा क्रमही एक्स८६वर पाळला जातो. पण लेखनामागून वेगळ्या पत्त्यावरचं वाचन आलं, तर ते वाचन आधी उरकू शकतं. लिहिलेली किंमत कॅशमध्ये पोहोचण्यापूर्वी कोअरच्या स्टोअर बफरमध्ये थांबते, आणि तिच्यासाठी प्रोसेसर पुढचं वाचन अडवून धरत नाही. ही आतल्या गोटातली माहिती नाही. इंटेलच्या सॉफ्टवेअर डेव्हलपर मॅन्युअलच्या तिसऱ्या खंडात ती स्पष्ट छापलेली आहे.

“असेल, पण ड्रायव्हरमध्ये असा प्रसंग येतो कुठे?” लिनक्सच्या एनव्हीएमई ड्रायव्हरमध्ये आला. व्हर्च्युअल मशीनमध्ये कंट्रोलरच्या डोअरबेल रजिस्टरवर लिहिलं की हायपरवायझरला मध्ये पडावं लागतं, आणि ते महागात जातं. म्हणून एनव्हीएमई १.३मध्ये शॅडो डोअरबेलची सोय आली. ड्रायव्हर क्यूचा नवा आकडा साध्या मेमरीत लिहितो, मग कंट्रोलरने मेमरीतच ठेवलेला इव्हेंट इंडेक्स वाचतो, आणि खरी डोअरबेल वाजवायची की नाही ते ठरवतो. आधी लेखन, मग वेगळ्या पत्त्यावरचं वाचन: एक्स८६ उलटवू शकतो तीच जोडी.

वाचन आधी उरकलं तर ड्रायव्हरच्या हाती जुना इंडेक्स लागतो आणि डोअरबेलची गरज नाही असं तो ठरवतो. त्याच वेळी कंट्रोलरला शॅडोमधला जुनाच आकडा दिसलेला असतो, म्हणून तो डोअरबेलची वाट पाहत राहतो. विनंती तिथेच अडकते. ही सोय ड्रायव्हरमध्ये २०१७मध्ये आली आणि दुरुस्ती २०१८मध्ये झाली: दोन ओळींच्या मध्ये एक पूर्ण बॅरियर. त्याच्या थोडं वर लेखनाचा बॅरियर आधीपासून होता, पण तो फक्त लेखनांचा आपापसातला क्रम राखतो. बॅरियर दिसला म्हणून समाधान मानून पुढे जाणाऱ्या परीक्षकाने हे नीट लक्षात घ्यावं. चाचण्यांचं म्हणाल, तर त्या दुरुस्तीच्या नोंदीतच लिहिलं आहे की हा दोष निव्वळ वेळेच्या योगावर अवलंबून आहे आणि तो पुन्हा घडवून आणण्याचा सोपा मार्ग नाही. अशा दोषाबाबत पास झालेली चाचणी एवढंच सांगते की त्या वेळी तो योग जुळला नाही.

आर्मवर तर वाचनांचाही क्रम बदलतो. एनव्हीएमईची पूर्ततेची नोंद १६ बाइटची असते आणि ती नवी आहे की जुनी हे त्यातला फेज बिट सांगतो. ‘बिट तपासूनच पुढचं वाचतो, मग क्रम आपोआप राहील’ असं अनेकांना वाटतं. राहत नाही. ‘इफ’ची अट दोन वाचनांना बांधून ठेवत नाही, हे कर्नलच्या मेमरी बॅरियरवरच्या दस्तऐवजात बजावून सांगितलंय. म्हणूनच ड्रायव्हरमध्ये फेज बिटच्या तपासणीनंतर डीएमए वाचनाचा बॅरियर आहे.

याच जातीचे आणखी काही गैरसमज नेहमी ऐकू येतात.

‘व्होलाटाइल लिहिलं की झालं’: तो कंपायलरला आवरतो, प्रोसेसरला नाही.

‘बॅरियर कॅश रिकामी करतो’: नाही, तो फक्त क्रम ठरवतो.

‘बॅरियर टाकला म्हणजे डेटा डिस्कवर सुरक्षित’: मुळीच नाही, त्यासाठी ड्राइव्हला फ्लशची आज्ञा द्यावी लागते किंवा एफयूए लावून लिहावं लागतं.

‘एका बाजूला बॅरियर पुरतो’: दुसऱ्या बाजूने क्रम पाळला नाही तर पहिला वाया जातो.

‘जास्तीचा बॅरियर टाकून ठेवला तर बिघडतं काय?’ वेग जातो. त्याहून वाईट म्हणजे तो कशासाठी आहे हे कुणालाच माहीत नसतं, त्यामुळे काढायचीही कुणाची हिंमत होत नाही.

क्रमाबद्दलचा दावा तपासायचा असेल तर कर्नलमध्ये २०१८पासून औपचारिक मेमरी मॉडेल आहे. कोडचा गाभा दहा-पंधरा ओळींच्या लिटमस टेस्टमध्ये उतरवा आणि हर्ड७ या साधनाला द्या. मॉडेलला मान्य असलेले सगळे निकाल ते पडताळून पाहतं. डिव्हाइसबरोबरचा व्यवहार मात्र या मॉडेलच्या कक्षेबाहेर आहे. तिथे डोळ्यांत तेल घालून वाचण्याला पर्याय नाही. कोणत्या दोन व्यवहारांचा क्रम राखायचा आहे आणि समोरच्या बाजूला त्याचा जोडीदार बॅरियर कुठे आहे, हे प्रत्येक बॅरियरशेजारी लिहिलेलं असलं पाहिजे. कर्नलचं चेकपॅच टिप्पणी नसलेल्या बॅरियरवर इशारा देतं. तो इशारा दिसला तर पॅच परत पाठवा.