लोखंडाची करवत

मृग तोंडावर आला म्हणजे परभणी जिल्ह्यातील गावांच्या वेशीबाहेर घिसाड्यांची पाले पडत आणि वखराच्या पासा, कुऱ्हाडी, विळे, खुरपी घेऊन शेतकरी त्यांच्या ऐरणीभोवती जमत. हे दृश्य ज्यांनी बालपणी पाहिले असेल, त्यांना नीट आठवून पाहिल्यास एक गोष्ट ध्यानात येईल, की त्या साऱ्या सरंजामात करवत कोठेच नव्हती. भात्याने फुललेल्या कोळशात पट्टी लालबुंद होऊ द्यावी, घरधन्याने तिच्यावर छिन्नी धरावी आणि त्याच्या कारभारणीने घण उचलून चार घावांत तिचे दोन तुकडे करावेत, अशी ती पिढीजात रीत. लोखंड तोडावयाचे तर आधी त्याला अग्नीने मऊ केले पाहिजे, हे त्या हुन्नराचे मूलतत्त्व होते.

थंड लोखंड दाताने कापणे ही त्यामानाने अलीकडची विद्या होय, आणि ती आता आपल्या अंगणापर्यंत येऊन पोहोचली आहे. 1972 साली परभणीत कृषी विद्यापीठ स्थापन झाले. तेथे बैलचलित अवजारांवरही संशोधन होत आले आहे. परंतु अवजार कितीही सुधारलेले असले तरी ऐन पेरणीत ते मोडते तेव्हा दुरुस्तीची तजवीज घरच्या ओसरीवरच करावी लागते. बोअरचा पाइप तोडणे, कोळप्याला नवी पट्टी बसवणे, खिडकीसाठी सळया मापात आणणे, गोठ्याच्या फाटकाला अँगल जोडणे, अशा कामांसाठी अनेक घरांतून एक छोटासा कारखानाच उभा राहिला आहे, आणि तो थाटणारा मनुष्य पहिला प्रश्न विचारतो तो हा, की कोणते मशीन घ्यावे? माझ्या मते प्रश्नाचा आरंभच येथे चुकतो. कापावयाच्या धातूची जाडी किती, हे प्रथम पाहावे. त्यावरून दात ठरतो, दातावरून वेग ठरतो, आणि मशीन घ्यावयाचे की नाही ही बाब सर्वांत शेवटी येते.

लाकूड वेगाने कापले तरी करवतीचे फारसे बिघडत नाही. पोलादाचे मात्र तसे नाही. धातूवर धातू घासला की घर्षणाने उष्णता उत्पन्न होते, आणि साध्या कार्बन-पोलादाचा दात सुमारे अडीचशे अंश सेल्सिअसच्या पुढे आपला कठीणपणा गमावू लागतो. एकदा मऊ पडलेला दात कापीत नाही, नुसता घासतो. घासल्याने अधिक तापतो आणि अखेर झिजून गुळगुळीत होतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील बेथलेहेम येथील पोलादाच्या कारखान्यात टेलर व व्हाइट या दोघांनी टंगस्टनयुक्त पोलादावर विशिष्ट उष्णतासंस्कार करून सुमारे सहाशे अंशांपर्यंत धार टिकवणारे पोलाद सिद्ध केले. हेच ते हायस्पीड स्टील, आणि 1900 साली पॅरिसच्या प्रदर्शनात त्याचे प्रात्यक्षिक जगाने पाहिले. आज दुकानात ‘बायमेटल’ म्हणून जे पाते मिळते, त्यात केवळ दातांची कड या पोलादाची असते व पाठ लवचीक पोलादाची असते. त्यामुळे धार टिकते आणि पाते वाकले तरी काचेसारखे तुटत नाही. साध्या पात्याहून त्याला दाम अधिक पडतो, परंतु नवशिक्याने तेथे काटकसर करू नये, कारण पाती तुटतात ती बहुतांशी नवशिक्याच्याच हाती.

घरगुती कारखान्यात पहिला मान हाताच्या हॅक्सॉला, म्हणजे मिस्त्री लोक ज्याला सर्रास ‘हेक्सा’ म्हणतात त्याला द्यावा. विजेचा लपंडाव ज्या मुलखात नित्याचा आहे तेथे तर त्याला पर्यायच नाही. त्याचे नेहमीचे पाते 12 इंच लांबीचे असते आणि दर इंचात किती दात आहेत तो आकडा त्यावर छापलेला असतो : 14, 18, 24 किंवा 32. या आकड्याकडे गिऱ्हाईक सहसा पाहत नाही आणि दुकानदार सहसा विचारीत नाही; वास्तविक सारा विवेक याच आकड्यात साठवलेला आहे. नियम असा, की कापताना निदान तीन दात एकाच वेळी धातूवर टेकलेले असावेत. पातळ पत्र्याची कड दोन दातांच्या मधल्या खाचेत शिरली तर दात तरी मोडतो किंवा पाते तरी. याच्या उलट, भरीव जाड सळईवर बारीक दात वापरला तर कापलेला कीस दातांच्या खाचांत मावत नाही, खाचा भरून जातात आणि पाते नुसते घसरत राहते. म्हणून भरीव जाड लोखंडाला व ॲल्युमिनियमसारख्या मऊ धातूला 14 किंवा 18, अँगल आणि सर्वसाधारण पाइप यांना 24, आणि पातळ नळ्या व पत्रा यांना 32 असा हिशेब ठेवावा. पत्रा फारच पातळ असेल तर तो दोन फळ्यांमध्ये दाबून फळ्यांसकट कापावा. थरथर थांबते आणि कड स्वच्छ येते.

पाते चढवताना दातांची टोके मुठीच्या विरुद्ध दिशेला, म्हणजे पुढे असावीत, कारण कापण्याचे काम पुढे ढकलताना होते. मागे येताना भार उचलून घ्यावा, नाही तर दात विनाकारण झिजतात. पाते इतके ताणावे की टिचकी मारल्यास खणखणीत नाद निघावा. जिन्नस व्हाइसमध्ये, म्हणजे जुन्या कारागिरांच्या शेगड्यात, घट्ट धरावा आणि कापावयाची रेघ जबड्याच्या शक्य तितकी निकट ठेवावी. मग मिनिटाला चाळीस-पन्नास हात या गतीने, पात्याची सारी लांबी उपयोगात आणून, शांतपणे कापीत जावे. घाईने हात मारणारा मनुष्य पात्याचे मधले चार इंच जाळतो आणि उरलेले आठ इंच कोरे ठेवतो. पाइप कापताना एकाच बाजूने आरपार जाऊ नये. आतली पोकळी लागताच पाइप थोडा फिरवून घ्यावा. आणखी एक गोष्ट मी आवर्जून सांगतो, कारण तिच्यापायी कितीतरी नवी पाती पहिल्याच मिनिटात तुटलेली आहेत. दात एकाआड एक किंवा नागमोडी बाहेर फाकवलेले असतात, म्हणून खाच पात्याच्या जाडीहून किंचित रुंद पडते. जुने पाते झिजले की त्याची खाच अरुंद होते, आणि त्या अरुंद खाचेत नवे पाते घातले की ते अडकून मोडते. सबब, अर्ध्या कामात पाते बदलावे लागल्यास दुसऱ्या बाजूने नव्याने आरंभ करावा.

रोज पंचवीस-तीस तुकडे पाडावयाचे असतील तर मात्र हातावर भार टाकणे युक्त नव्हे. 14 इंची चाकाचे कटर मशीन आता तालुक्याच्या गावीही मिळते. त्याचे चाक वस्तुतः करवत नव्हे. राळेत बांधलेल्या कठीण कणांची ती एक फिरती सहाण आहे. मिनिटाला 3800 फेरे घेणाऱ्या त्या चाकाची कड एका मिनिटात सव्वाचार किलोमीटर धावते, तर हाताचा हेक्सा तेवढ्याच वेळात जेमतेम बारा मीटर. काम झटपट होते यात शंका नाही, परंतु कड जळते, बर म्हणजे खरबरीत कंगोरा उरतो, मापात सूक्ष्म फरक पडतो, आणि अशा मशीनला पंधरा अँपिअरचा स्वतंत्र प्लग व खात्रीचे अर्थिंग लागते. ॲल्युमिनियम या चाकावर मुळीच कापू नये. तो मऊ धातू कणांच्या खाचा भरून टाकतो आणि चाक निकामी करतो. ॲल्युमिनियमला जाड दाताची करवत आणि रॉकेलचे दोन थेंब पुरेत. ज्याला सुबक, काटकोनात, थंड कड हवी आणि ज्याच्यापाशी ऐपत आहे त्याने आडवा बँडसॉ घ्यावा; त्याचे अखंड पाते संथ गतीने फिरते, कीस पाडते, ठिणगी पाडत नाही. माझे मत विचाराल तर यंत्रांत हेच सर्वांत सभ्य यंत्र होय.

हँड ग्राइंडरविषयी थोडे कठोर लिहिणे प्राप्त आहे. जर्मनीत 1954 च्या सुमारास अवतरलेले हे हत्यार आज गावोगाव पोहोचले आहे, आणि त्याच्याकडून नको ते काम करून घेण्याची खोडही त्याच्याबरोबरच पसरली आहे. चाकावरचा पत्र्याचा गार्ड काढून ते चालवणे आणि लाकूड कापण्याचे दातेरी चक्र त्यावर बसवणे, ही दोन्ही कृत्ये बोटे व डोळे गमावण्याची आहेत. मिनिटाला अकरा हजार फेऱ्यांच्या गतीत असलेला दात लाकडात अडकला की ग्राइंडर हातातून उसळतो, आणि ती उसळी कोणत्याही मनगटाला आवरत नाही. चाकावर वापरण्याची मुदत छापलेली असते, कारण त्यातील राळ कालांतराने व ओलाव्याने कमजोर होते. मुदत उलटलेले किंवा तडा गेलेले चाक फेकून द्यावे, त्यात हयगय नको. चष्म्यावाचून मशीन सुरू करू नये, आणि धोतराचा सोगा, साडीचा पदर, सैल बाही फिरत्या चाकापासून लांब असावी.

आपल्या जिल्ह्यात याहून एक निराळी धास्ती आहे. दिवाळीनंतर भावाची वाट पाहत कापूस घरात रचून ठेवलेला असतो, परसात कडब्याची गंजी उभी असते, आणि कटर मशीनची ठिणगी कित्येक फूट लांब जाते. कापसाच्या ढिगात शिरलेली ठिणगी लगेच ज्वाळा दाखवीत नाही. ती आत धुमसत राहते आणि माणसे निजल्यावर पेट घेते. म्हणून वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे, की कापूस, कडबा किंवा भुसा जवळ असेल तेथे लोखंड हाताच्या करवतीनेच कापा. मशीन चालवणे भागच असेल तर ते मोकळ्या जागेत नेऊन ठिणग्यांचे तोंड उघड्या मातीकडे करा, पाण्याची बादली भरून ठेवा, आणि काम संपल्यावर तासाभराने एकदा त्या जागी जाऊन पाहून या.