घरचा रंधा

गंगापूर रोडवरच्या फ्लॅटच्या बाल्कनीतही रंधा घडतो. शिसवीचा वाळलेला ठोकळा, पाचर आणि जुनी पोलादी कानस हवी. कानस लाल तापवून राखेत सावकाश निववली, की मऊ पडते; मग तिला पात्याचा आकार द्यावा. पुन्हा तापवावी, लोहचुंबक चिकटेनासे झाले की तेलात बुडवावी. आता पाते कडक, पण काचेसारखे ठिसूळ. ओव्हनमध्ये सुमारे २०० अंशांवर फिकट पिवळी छटा आली, की चिवटपणा येतो.

पाते ४५ अंशांत बसवा. खरे कसब मात्र रंध्याच्या तोंडात आहे! पात्यापुढची फट जितकी अरुंद, तितके लाकूड धारेपुढे दाबून राहते. तंतू उचकटत नाहीत, ढलपी पातळ निघते. तळाला लोखंडी पट्टी जोडल्यास झीज कमी होते. रोमन सुतारांचे रंधेही असेच लोखंडी तळाचे असत.