नववी तारीख उशिरा येते

दर महिन्याच्या ९ तारखेला देशभरातील सरकारी रुग्णालयांत गर्भवतींची रांग लागते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाचा तो दिवस. या अभियानाचे मी अनेकदा कौतुक केले आहे. पण त्यातील एक तपशील आता मला खटकतो. ही तपासणी दुसऱ्या व तिसऱ्या तिमाहीतील महिलांसाठी आखलेली आहे. प्रीएक्लॅम्प्सियाच्या बाबतीत प्रतिबंधाची वेळ तोवर बहुधा निघून गेलेली असते.

हा विकार दिसतो विसाव्या आठवड्यानंतर. रक्तदाब चढतो, लघवीतून प्रथिने जाऊ लागतात, यकृत-मूत्रपिंडांवर ताण येतो, कधी झटके येतात. प्रसूती हाच त्यावरचा खरा उपाय. म्हणजे आईला वाचवायचे तर बाळ अपुऱ्या दिवसांचे जन्माला घालायचे. मूळ मात्र बरेच आधीचे असते. वार रुजताना गर्भाशयातील रक्तवाहिन्या पुरेशा रुंदावत नाहीत, वारेला रक्त कमी पडते आणि तिच्याकडून स्रवणारे ‘पीएलजीएफ’ हे प्रथिन आईच्या रक्तात घटते. अकराव्या ते तेराव्या आठवड्यात ही घट मोजता येते. तिच्या जोडीला आईचा पूर्वेतिहास, रक्तदाब आणि गर्भाशयाच्या धमन्यांची डॉपलर तपासणी घेतली, तर अपुऱ्या दिवसांत प्रसूती करावी लागणाऱ्या प्रीएक्लॅम्प्सियाच्या सुमारे तीन-चतुर्थांश संभाव्य रुग्ण आधीच ओळखता येतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ॲस्प्री’ चाचणीत अशा जोखमीच्या महिलांना रोज रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिले गेले. या आजाराचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले.

मग ही रक्तचाचणी राष्ट्रीय कार्यक्रमात का नको? माझे उत्तर ‘हवी, पण आधी नाही’ असे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार पहिल्या तिमाहीत तपासणीला पोहोचणाऱ्या महिला ७० टक्के आहेत. उरलेल्या तिघींना कितीही अचूक चाचणी निरुपयोगीच. शिवाय आठवडे नेमके ठाऊक नसतील तर पीएलजीएफच्या आकड्याचा अर्थ लागत नाही, आणि त्यासाठी सोनोग्राफी लागते. ग्रामीण भागात ती करणारा तज्ज्ञ सहज मिळत नाही. ‘ॲस्प्री’ झाली ती युरोपातील पाच देशांत आणि इस्रायलमध्ये; आपल्या महिलांसाठी कोणते मूल्य धोक्याचे मानायचे, हे आपल्याच नोंदींवर पडताळावे लागेल.

साधने तोकडी असतील तेथे किमान पूर्वेतिहास व रक्तदाब यांवरून जोखीम ठरवावी, असे ‘फिगो’ ही स्त्रीरोगतज्ज्ञांची जागतिक संघटनाही म्हणते. पहिल्याच नोंदणीला, नीट चालणाऱ्या यंत्राने, दोन्ही दंडांवरचा रक्तदाब एएनएमने मोजावा; जोखीम दिसल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने ॲस्पिरिन सुरू व्हावे.

यावर एक आक्षेप मला अस्वस्थ करतो. शहरांतल्या खासगी प्रयोगशाळांत ड्युअल मार्करच्या जोडीला पीएलजीएफ मिळू लागले आहे; गरिबांच्या वाट्याला मात्र फक्त रक्तदाबाची पट्टी का? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेल्या काही जिल्ह्यांत ही चाचणी मोफत सुरू करून तिचे निष्कर्ष जाहीर करावेत. पण ॲस्पिरिन सोळाव्या आठवड्याआधी सुरू व्हावे लागते, आणि त्यासाठी पहिल्या तिमाहीतील महिलांना ९ तारखेच्या रांगेत जागा देण्याचा आदेश आजही निघू शकतो.