शोध ‘सोल’मेटचा!

सकाळी अलार्म बंद करून पाय जमिनीवर टेकवला, की टाचेत टाचणी खुपसल्यासारखं होतं? चार पावलं चाललं की जरा बरं वाटतं आणि ऑफिस सुटेपर्यंत पुन्हा ठणका सुरू? मग आपण एकाच माळेचे मणी! टाचेपासून बोटांकडे जाणारा तळव्याचा जाड पट्टा दुखावला की असं होतं. डॉक्टरी भाषेत ‘प्लांटर फॅशिआयटिस’.

यावर हल्ली हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘कस्टम इनसोल करून घ्या’. फोमच्या खोक्यात पाय दाबायचा, प्लास्टरचा साचा द्यायचा किंवा पाय स्कॅन करायचा. मग खास आपल्या पायाच्या मापाची जोडी हातात येते. बिल बघून डोळे पांढरे होतात, आणि दोन दिवसांनी ती जोडी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये जाऊन पडते. कारण? ‘टोचतं यार!’

माझीही जोडी टोचायची. पण ती बनवणाऱ्या ऑर्थोटिस्टने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, ‘जोडी मिळाली म्हणजे निम्मंच काम झालं. उरलेलं निम्मं फिटिंगचं!’ ते निम्मं काम असं:

आधी बूट बघा. बुटातला मूळचा इनसोल काढा आणि मगच नवा घाला. एकावर एक ठेवले की टाच वर उचलली जाते, बूट आवळतो आणि आपण खापर फोडतो बिचाऱ्या इनसोलवर. मूळचा इनसोल निघतच नसेल, तर तो बूट या कामाचा नाही. नवे शूज घ्यायला संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. इनसोल सोबत न्या आणि तो घालूनच दुकानात चालून बघा. लेसचे, टाचेला घट्ट धरणारे, पुढे बोटांना ऐसपैस जागा देणारे शूज उत्तम. नाजूक पंप्समध्ये पूर्ण लांबीचा इनसोल मावणार नाही. त्यासाठी चवड्याच्या मागेच संपणारा तीनचतुर्थांश प्रकार मिळतो.

घाई नको. पहिल्या दिवशी तासभर, मग रोज तासभर जास्त. पूर्ण सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागू शकतात. सुरुवातीला कमानीखाली काहीतरी असल्याची जाणीव होणं, पोटऱ्या थोड्या भरून येणं चालतं. पण फोड, लाल वळ, बधिरपणा किंवा वाढत जाणारं दुखणं चालत नाही. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल, तर फोड आलेला कळतही नाही. त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय इनसोल वापरू नये आणि रोज तळवे तपासावेत.

परत जायला लाजू नका. माझ्या उजव्या इनसोलची कमानीकडची कड टोचत होती. मशीनवर घासून ती दोन मिनिटांत कमी झाली! प्लास्टिक तापवून कमान थोडी खाली आणता येते, टाचेला मऊ थर लावता येतो. हे घरी कात्री-इस्त्रीने करायचे प्रयोग नव्हेत. म्हणून ऑर्डर देण्याआधीच विचारा, ‘नंतरचं अ‍ॅडजस्टमेंट बिलात धरलंय ना?’ ऑर्थोटिस्टची रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे नोंदणी आहे का, हेही विचारा.

छोट्या तक्रारींवर घरगुती उपाय आहेत. कुरकुर आवाज येतो? इनसोलखाली चिमूटभर टाल्कम पावडर. टाच बुटातून निसटते? लेस सर्वांत वरच्या भोकापर्यंत ओवून बांधा. पावसात भिजला? बाहेर काढून सावलीत वाळवा. उन्हात तापलेल्या गाडीत ठेवलात, तर प्लास्टिकचा आकार बिघडू शकतो.

आणि हो, महाग म्हणजे चांगलंच, असं नाही. टाचदुखीच्या १३५ रुग्णांवर सिडनीत झालेला एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांनी रेडीमेड आणि कस्टम, दोन्ही इनसोल्सचा थोडा थोडा फायदा दिसला. वर्षभरानंतर मात्र नुसता पातळ मऊ फोम घालणारेही जवळपास त्यांच्याइतकेच बरे होते. म्हणजे साधी टाचदुखी असेल, तर आधी रेडीमेड इनसोल आणि पोटरी-तळव्याचे स्ट्रेचेस करून बघायला हरकत नाही. पायाची ठेवणच वेगळी असेल, तर कस्टमचा विचार डॉक्टरांशी बोलून करा.

शेवटची गोष्ट खास आपल्या घरांची. आपण दारातच बूट काढतो, म्हणजे इनसोलही दारातच राहतो. मग रात्रभर आराम केलेली टाच पहिलं पाऊल टाकते ते थेट गार, कडक टाइल्सवर! पलंगाशेजारी जाड, मऊ सोलची, कमानीला आधार देणारी घरातली चप्पल ठेवा. आई ‘घरात चपला?’ म्हणून ओरडेलच. तिला म्हणावं, फक्त घरातच घालायच्या आहेत. आणि तिचीही टाच दुखत असेल, तर एक जोडी तिच्यासाठीही आणा!