रुईचा चीक

पोट्टेहो, आपल्या वर्धेकडे रुई दोन. हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये सरकी काढल्यावर उरते ती एक, आणि धुऱ्यावर, रेल्वेरुळाच्या कडेला कोणी न लावता वाढते ती दुसरी. शनिवारी मारुतीच्या गळ्यात जिच्या पानांची माळ पडते, ती ही दुसरी. गोष्ट तिच्या चिकाची आहे.

चीक हा शब्द भलताच फिरस्ता. रुईचं पान तोडलं की येतो तो पांढरा थेंब चीक. नुकत्याच व्यालेल्या गाईचं घट्ट दूध, ज्याचा खरवस होतो, तोही चीक. कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून, गाळल्यावर तळाशी बसतो तोसुद्धा चीकच. झाड, गाय आणि गहू यांना एका दावणीला बांधलं ते बोटांना लागणाऱ्या चिकटपणानं. चीक आणि चिकट एकाच कुळातले, संस्कृतातला ‘चिक्कण’ त्यांचा भाऊबंद. पंडितांनी मात्र बोटांपेक्षा डोळ्यांवर भरवसा ठेवला. त्यांना तो दुधासारखा दिसला, म्हणून ‘क्षीर’. रुईचा चीक झाला अर्कक्षीर, आणि वड, पिंपळ, उंबर झाले क्षीरवृक्ष. मला विचाराल तर शेतकऱ्याचा शब्द बरा. दूध पाजायला असतं. रुईचा चीक असतो खाणाऱ्याला हाकलायला.

झाडाचा रस वेगळा बरं का. गांधीजी 1936 मध्ये शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात राहायला आले, तेव्हा त्या भागात शिंदीची झाडं होती. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचं काम चाले; तिथले गजानन नाईक नीरेपासून ताडगूळ करण्याच्या मागे लागले होते. शिंदीच्या शेंड्याखाली खोड तासून रात्री मडकं बांधायचं. पानांनी उन्हात केलेली साखर पाण्यात विरघळून झाडभर फिरत असते, तीच मडक्यात ठिबकते. ऊन चढण्याआधी प्याली तर नीरा, आटवली तर गूळ, आणि नुसती ठेवून दिली तर ती आंबून काय होते ते तुमच्या बापांना विचारा.

चीक या वाहतुकीत नसतोच. त्याच्या नळ्या निराळ्या, गच्च दाबाखाली भरलेल्या. पान कुरतडलं की चीक उसळून बाहेर येतो, हवा लागताच घट्ट होतो आणि किड्याचं तोंडच चिकटवून टाकतो. वर रुईच्या चिकात हृदयावर घाला घालणारं विष. कच्च्या पपईच्या चिकातही असाच पहारेकरी आहे, मांसही मऊ करणारा. मटणात कच्ची पपई घालतात ती त्यासाठीच. म्हणून रुईचा चीक उडवून खेळू नका. डोळ्यात गेला तर सुरुवातीला फारसं दुखतही नाही, अन् बुबुळाला आतून इजा होत राहते. भरपूर पाण्यानं धुवायचं आणि थेट दवाखाना गाठायचा.

एवढा बंदोबस्त असूनही रुईच्या पानाखाली एक अळी निवांत सापडेल. अंगावर काळे-पिवळे-पांढरे पट्टे, पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. नीट पाहा: ती आधी पानाची शीर चावते. तिथून चीक गळून जातो, पुढच्या भागातला दाब उतरतो, आणि मग ही बाई तो भाग आरामात खाते. जे थोडं विष पोटात जातं ते ती टाकत नाही, साठवते. पुढे तिचं नारिंगी फुलपाखरू होतं, तेव्हा चोच मारणाऱ्या पक्ष्याला ओकारी येते आणि तो नारिंगी रंगाला कानाला खडा लावतो.

यात खरी हुशारी दुसऱ्याच एका फुलपाखराची. त्याचा नर काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा; मादी मात्र हुबेहूब रुईवाल्या नारिंगी फुलपाखरासारखी. पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. तिनं जन्मात रुई चाखलेली नसते. लहानपणी तिनं खाल्लेली असते ती आपण डाळीत घालतो ती घोळाची भाजी.