फ्रँकफुर्टच्या बाजारात जावे, यूथ हॉस्टेलात उतरावे

सोलापूरची चादर आणि टेरी टॉवेल परदेशात जातात, हे व्यापारी बांधवांस नव्याने सांगायला नको. पण माल जातो तिथे छोटा व्यापारी स्वतः जातोच असे नाही. फ्रँकफुर्टला जानेवारीत 'हाइमटेक्स्टिल' हे घरगुती कापडाचे मोठे प्रदर्शन भरते. 1971 साली ते सुरू झाले. त्या चार दिवसांत शहरातील हॉटेलांचे भाडे असे चढते की लहान माणूस घरी बसणेच पसंत करतो. मग गिऱ्हाईक कोण, ते मागते काय, हे त्याला दलालाच्या तोंडून कळते आणि भावही दलालच ठरवतो.

आम्ही एकटेच गेलो आणि माइन नदीकाठच्या यूथ हॉस्टेलात उतरलो. "या वयात यूथ?" असे मित्रमंडळींनी हसून विचारले. पण वयाची अट तिथे नाही. बव्हेरिया प्रांतात 26 वर्षांवरील एकट्या माणसास पूर्वी घेत नसत. 2005 साली तोही नियम गेला. 27 च्या पुढे थोडे जादा भाडे पडते, इतकेच. सभासदकार्ड लागते, ते भारतातील यूथ हॉस्टेल्स असोसिएशनकडून काढून न्यावे. ही कल्पनाच मुळी जर्मन. रिचर्ड शिरमान या शाळामास्तरांनी 1912 साली आल्टेनाच्या किल्ल्यात पहिले कायमचे हॉस्टेल उघडले. आपल्याकडच्या मुसाफिरखान्याचाच हा भाऊ म्हणावा.

खोलीत दुमजली पलंग, सोबती अनोळखी. कुणी घोरतो, कुणी मध्यरात्री दिवा लावतो. कपाटाला कुलूप आपले न्यावे. सॅम्पलची बॅग त्यात ठेवावी. पासपोर्ट व पैसे अंगावरच असावेत.

आता खरी गोष्ट. हॉस्टेलात बिछाना आपला आपण घालावा लागतो. चादर, उशीची खोळ आणि रजईची खोळ हाती देतात. आम्ही ती उशी पाहिली आणि थबकलो. चौकोनी, 80 बाय 80 सेंटिमीटर! रजईची खोळ 135 बाय 200. जर्मन घरात हेच माप चालते. आपली लांबट उशीची खोळ तिथे कोण घेणार? ही खोळ पुन्हापुन्हा गरम पाण्यात धुतली जाते, म्हणून रंग पक्का हवा, शिवण मजबूत हवी. प्रदर्शनातल्या झगमगाटात हे ध्यानात येत नाही. तिथे सगळे नवे कोरे असते. शंभर धुण्यांनंतर कापड कसे राहते, ते हॉस्टेलच्या पलंगावर कळते. टॉवेल मात्र बहुधा फुकट मिळत नाही. तेव्हा टॉवेलच्या व्यापाऱ्यानेही घरून टॉवेल न्यावा, आणि तो आपल्याच मालातला न्यावा. वापरून तर पाहावा!

न्याहारी भाड्यातच असते. पाव, चीज, अंडी, फळे भरपूर; मांसाची तबके वेगळी ओळखून घ्यावीत. संध्याकाळी मोठ्या स्टेशनाजवळ म्युन्शनर स्ट्रासेवर तुर्की खानावळी आहेत. हलाल जेवण तिथे सहज मिळते. प्रदर्शनाला 'मेस्से' नावाचे लोकल स्टेशन आहे.

शेंगेन व्हिसाच्या अर्जास राहण्याच्या जागेचा पुरावा आणि निदान 30,000 युरोचा प्रवास-वैद्यकीय विमा लागतो. हॉस्टेलच्या आरक्षणाची पावती त्या पुराव्यास चालते. मात्र खाटा लवकर भरतात. प्रदर्शनाच्या तारखा कळताच आरक्षण करावे.