तोट्यातलं घर कोण बांधेल?

चार लाख डॉलर खर्चून घर बांधायचं आणि पूर्ण झाल्यावर त्याची किंमत भरणार तीन लाख! असा वेडा बिल्डर कुठे मिळेल? मिळत नाही ना, म्हणूनच तर अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात लॉरेन्स, होल्योकसारख्या गावांतल्या बंद गिरण्या वर्षानुवर्षं ओसाड पडून राहिल्या. (आकडे मी सोयीसाठी घेतलेत, दुखणं खरं आहे.)

विटा, तारा, लिफ्ट, प्लंबरची मजुरी, सगळं लॉरेन्समध्येही जवळपास बॉस्टनच्याच भावानं. भाडं मात्र बॉस्टनचं मिळत नाही. आणि इमारती कसल्या सुरेख! दिव्यांचा लखलखाट नव्हता त्या काळात कामगाराला सूत नीट दिसावं म्हणून ठेवलेल्या भल्यामोठ्या खिडक्या. आज अशा खिडकीपाशी बसून चहा प्यायला लोक जादा भाडं मोजतात. पण मधला तो एक लाखाचा खड्डा कोण बुजवणार?

राज्यानं २०१० मध्ये त्यावर तोड काढली. घरबांधणीच्या पात्र खर्चाच्या आता २५ टक्क्यांपर्यंत करसवलत. चार लाखांचे पंचवीस टक्के किती? एक लाख!

थांबा, खरी जादू पुढे आहे. बिल्डरला अजून नफाच झालेला नाही, मग त्याला कर कसला आणि सवलत कसली? टकल्याला कंगवा! पण हा कंगवा विकता येतो. ज्याला भरपूर कर भरायचाय असा कुणी ती सवलत डॉलरला, समजा, नव्वद सेंट देऊन विकत घेतो. त्याचे दहा सेंट वाचले, बिल्डरच्या हाती रोकड आली. सरकारनं एकही चेक फाडला नाही. (तेवढा कर तिजोरीत आलाच नाही, हे मात्र विसरायचं नाही.) शिवाय सवलत पदरात पडते ती काम पुरं झाल्यावरच. अर्धवट सांगाड्याला काही नाही.

शहराचा वाटा तर आणखी मजेशीर. पडक्या गिरणीवरचा मालमत्ता कर चालूच राहतो. माफी मिळते ती दुरुस्तीमुळे वाढलेल्या किमतीवरच्या करात, ५ ते २० वर्षं. म्हणजे जो कर कधी मिळतच नव्हता, तोच शहर सोडून देतं!

पात्र शहरं २६. लोकसंख्या ३५ हजार ते अडीच लाख, उत्पन्न आणि पदवीधरांचं प्रमाण राज्याच्या सरासरीखाली. नापासांनाच प्रवेश! आणि ही मदत मुख्यतः बाजारभावाच्या घरांसाठी आहे, गरिबांच्या नव्हे. मला हे आधी खटकलं. पण जिथे बाजारभावानंही घर बांधणं परवडत नाही, तिथे आजारी बाजारच आहे. तरी यातल्या काही इमारती सवलतीविनाही उभ्या राहिल्या असत्या का, ही शंका उरतेच. सवलतींची वार्षिक मर्यादा एक कोटी डॉलर होती. २०२३ मध्ये ती त्या वर्षापुरती ५ कोटी ७० लाख केली, पुढे दरसाल ३ कोटी.

मुंबईत सरकारला बिल्डरकडून काही करवून घ्यायचं असलं की ते जादा एफएसआय, म्हणजे जास्त बांधकामाची परवानगी, देतं, कारण इथे प्रत्येक फूट सोन्याचा. लॉरेन्सच्या बिल्डरला वरचे चार मजले असेच बहाल करून बघा. तो हात जोडून परत करेल.